दीड हजार डॉलरचं नाणं तीस डॉलरला : १९०३-ओ मॉर्गन डॉलरचं प्रकरण

१९६२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कुठल्याही जाणत्या नाणेसंग्राहकाला विचारलं असतं, की मॉर्गन डॉलरच्या मालिकेत कोरं करकरीत मिळायला सगळ्यात अवघड नाणं कोणतं, तर बहुतेकांनी १९०३ सालच्या न्यू ऑर्लिन्स टांकसाळीच्या डॉलरचं नाव घेतलं असतं. संग्राहकांच्या भाषेत १९०३-ओ. सगळे व्यापारी जी वार्षिक भावसूची समोर ठेवून सौदे करत, तिच्यात या नाण्याच्या अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात कधीच न फिरलेल्या प्रतीचा भाव १,५०० डॉलर होता. मालिकेतल्या इतर कुठल्याही डॉलरला तेव्हा एवढा भाव नव्हता. अशा प्रती डझनभरच उरल्या असाव्यात, असं मातब्बर व्यापारी सांगत.

त्याच वर्षाच्या शेवटी हे नाणं पोत्यांनी बाहेर आलं, आणि थोड्याच काळात त्याचा भाव ३० डॉलरच्या आसपास येऊन ठेपला.

नाणेसंग्रहाच्या इतिहासातला मोठा आपटीबार म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला तिच्यात वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. बनावट नाणी बाजारात आली नव्हती, कुणी कुणाला फसवलं नव्हतं आणि ग्रेडही, म्हणजे नाण्याच्या अवस्थेची प्रतवारीही, चुकीची दिलेली नव्हती. ज्यांच्याकडे कोऱ्या प्रती होत्या, त्या खरोखरच कोऱ्या होत्या. तरीही भाव पन्नास पटींनी उतरला. म्हणजे चूक ग्रेडिंगच्या पलीकडे कुठेतरी होती. ती कुठे होती हे शोधायचं तर आधी ही नाणी एवढी पाडली का गेली आणि पाडल्यावर कुठे गेली, हे पाहावं लागतं. त्या वाटेवर आपली मुंबईही लागते.

मॉर्गन डॉलर हे नाव त्याचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज टी. मॉर्गन या इंग्लंडात जन्मलेल्या कोरीवकारावरून पडलं. एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेचं डावीकडे पाहणारं मस्तक आहे. त्यासाठी फिलाडेल्फियातल्या अ‍ॅना विलेस विल्यम्स या शिक्षिकेचा चेहरा मॉर्गनने समोर ठेवला होता. दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड आणि त्याच्याभोवती पानांची माळ. माळेच्या गाठीखाली टांकसाळीचं अक्षर असतं : ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, सीसी म्हणजे नेवाडातलं कार्सन सिटी. अक्षर नसेल तर नाणं फिलाडेल्फियाचं. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चांदी ९० टक्के. म्हणजे शुद्ध चांदी २४ ग्रॅमच्या किंचित वर.

एवढं जड नाणं लोकांना रोजच्या वापरात कधी फारसं नको होतं. ते पाडलं गेलं ते राजकारणापायी. पश्चिमेकडच्या खाणीतून चांदीचा पूर आला होता, आणि १८७८ च्या ब्लँड-अ‍ॅलिसन कायद्याने सरकारवर दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडायची सक्ती केली. १८९० च्या शर्मन कायद्याने ही खरेदी आणखी वाढवली. लोक व्यवहारात चांदीची हमी असलेल्या कागदी नोटा वापरत, आणि त्या नोटांच्या तारणापोटी खरे डॉलर कापडी पिशव्यांत बंद होऊन तिजोऱ्यांत पडून राहत. एका पिशवीत हजार नाणी. शर्मन कायद्याची खरेदी १८९३ मध्ये थांबली, पण घेतलेली चांदी संपायला १९०४ उजाडलं. न्यू ऑर्लिन्सने १९०३ मध्ये ४४ लाख ५० हजार डॉलर पाडले ते याच उरलेल्या साठ्यातून. हा आकडा लक्षात ठेवावा. आज हे सगळं प्रकरण डोळ्यांसमोर ठेवताना मला तोच सगळ्यात बोलका वाटतो.

आता १९१८. पहिलं महायुद्ध चौथ्या वर्षात होतं. हिंदुस्थानातून ताग, कापूस, धान्य, कातडी प्रचंड प्रमाणात युद्धासाठी जात होती आणि त्याचे पैसे शेवटी रुपयांत चुकवावे लागत होते. खेड्यातला शेतकरी कागदी नोटेवर विश्वास ठेवत नव्हता, त्याला खणखणीत राजाछाप रुपया हवा होता. तिकडे चांदी एवढी महागली, की रुपयातल्या धातूची किंमत रुपयाच्या दर्शनी मूल्याच्या पुढे जाऊ लागली. रुपये वितळवले जाऊ लागले, पुरून ठेवले जाऊ लागले. सरकारने नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची. एक रुपयाच्या नोटेवर पाचव्या जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचंच चित्र छापलेलं होतं, ते उगाच नव्हे. तरीही नोटा घेऊन नाणी मागणाऱ्यांची गर्दी वाढत गेली, आणि १९१८ च्या वसंतात सरकारी खजिन्यातला रुपयांचा साठा तळाला गेला. नोटेच्या बदल्यात रुपया देता आला नसता, तर युद्धाच्या ऐन मध्यावर हिंदुस्थानातली चलनव्यवस्था कोसळली असती.

ब्रिटनने अमेरिकेकडे हात पसरला. जगात तयार चांदीचा सगळ्यात मोठा ढीग कुठे होता, तर अमेरिकी तिजोऱ्यांतल्या त्या हजार-हजार नाण्यांच्या पिशव्यांत. नेवाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाचा कायदा २३ एप्रिल १९१८ रोजी संमत झाला. त्याने ३५ कोटींपर्यंत डॉलर वितळवायची मुभा दिली. प्रत्यक्षात २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ डॉलर वितळले. तोपर्यंत पाडलेल्या मॉर्गन डॉलरांपैकी हे जवळजवळ निम्मे. त्यांतल्या २५ कोटी ९१ लाख २१ हजार ५५४ डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठी विकली गेली, एक औंस शुद्ध चांदीला एक डॉलर या दराने. उरलेली चांदी अमेरिकेच्या स्वतःच्या सुट्ट्या नाण्यांसाठी वापरली गेली.

साधा हिशोब केला तरी डोळे दिपतात. सुमारे ६,२०० टन चांदी. एका मॉर्गन डॉलरमधल्या चांदीत त्या काळचे सव्वादोन रुपये बसतात, म्हणजे या व्यवहारातून ५८ कोटी रुपये घडू शकत होते. ती चांदी पाटांच्या रूपात समुद्रमार्गे आली आणि मुंबई व कलकत्ता इथल्या टांकसाळींत तिचे रुपये झाले. १९१८-१९ सालचा पाचव्या जॉर्जचा रुपया आजही आपल्याकडे घरोघरी निघतो. मागच्या बाजूला खाली कमळाच्या फुलाखाली उठावाचा बारीक ठिपका दिसला तर तो मुंबईचा. तुमच्या आजीच्या डब्यातल्या रुपयात नेवाडाची चांदी असू शकते, हे वाक्य अलंकारिक नाही.

या वितळणीत एक गोष्ट मात्र कुणी केली नाही. कुठल्या सालाचे, कुठल्या टांकसाळीचे किती डॉलर भट्टीत गेले याची नोंद ठेवली गेली नाही. खजिनदाराच्या दृष्टीने डॉलर तो डॉलर. पिशवीत १८७९ चे आहेत की १९०३ चे, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. संग्राहकांच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या सगळ्या अंदाजांचा पाया या एका गैरहजर कागदावर उभा राहिला.

कारण प्रश्न पडायचा तो असा. १९०३-ओ पाडली गेली ४४ लाख ५० हजार, मग कोरी नाणी कुठे गेली? उत्तर तयारच होतं : पिटमन कायद्यात वितळली. हे उत्तर पटण्यासारखं होतं. २७ कोटी डॉलर खरोखरच वितळले होते, आणि ही नाणी खरोखरच कुठे दिसत नव्हती. पण याच पुराव्याचा दुसरा अर्थही तितकाच बसत होता. ही नाणी झिजलेल्या अवस्थेतही फारशी दिसत नव्हती. म्हणजे ती लोकांच्या हातात कधी गेलीच नव्हती. जी नाणी बाहेर पडलीच नाहीत ती एक तर तिजोरीतच वितळली असतील, नाही तर तिजोरीतच असतील. बाजारात उभं राहून यातलं कुठलं खरं हे ठरवताच येत नव्हतं. तरी बाजाराने पहिली शक्यता खरी मानली आणि दुसरीला शून्य किंमत दिली. माझ्या मते या प्रकरणातली खरी चूक हीच.

दीड हजार डॉलरचा भाव नेमका कशाचा होता, हे त्यावरून कळतं. तो नाण्यांच्या मोजदादीचा नव्हता. कुणाच्या नजरेस नाणं पडलं नाही, याचा तो भाव होता.

डॉलरना दरवर्षी नाताळाच्या आधी मागणी वाढायची. लोक भेट म्हणून चांदीचा डॉलर देत, नेवाडातल्या जुगारघरांनाही तो लागायचा, आणि कोषागार ते दर्शनी किमतीला, एक डॉलरला एक डॉलर असे देत असे. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये नेहमीचा साठा कमी पडू लागला, तेव्हा फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतली १९२९ पासून मोहोरबंद असलेली एक तिजोरी उघडली गेली. आत न्यू ऑर्लिन्सहून हलवलेल्या डॉलरांच्या पिशव्या होत्या : १८९८-ओ, १९०४-ओ आणि १९०३-ओ. पहिले दोनही त्या काळी दुर्मीळ गणले जात. पिशव्या बँकांत गेल्या, आणि ज्याला कुणाला रोख डॉलर हवे होते त्याच्या हातात, एका डॉलरला एक या दराने, १,५०० डॉलरचं नाणं पडू लागलं.

पुढचे काही आठवडे व्यापाऱ्यांसाठी भयंकर गेले असणार. ज्याच्याकडे हे नाणं होतं तो आज विकावं की थांबावं या पेचात, आणि ज्याला घ्यायचं होतं तो उद्या आणखी स्वस्त मिळेल म्हणून हात आखडता घेणारा. पिशव्या नेमक्या किती आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि भाव कोसळताना सगळ्यात जास्त भीती असते ती या अनिश्चिततेची. भावसूचीच्या पुढच्या आवृत्त्यांनी नवी वस्तुस्थिती मान्य केली.

आता ग्रेडिंगकडे वळतो, कारण इथे या प्रकरणाने एक मोठा बदल घडवायला हातभार लावला, असं मला ठामपणे वाटतं.

१९६२ मध्ये ग्रेड शब्दांत सांगितली जायची : गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० ची आकडेवारी मांडली होती, पण ती मोठ्या आकाराच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. डॉलरच्या दुनियेत ती अजून रुळलेली नव्हती. आणि जोवर कोरी नाणी डझनभरच आहेत असं सगळे मानत होते, तोवर त्या डझनांत कुठल्या नाण्यावरच्या देवतेचा गाल जास्त स्वच्छ आहे, हे कुणी विचारतही नव्हतं. प्रश्न एकच : कोरं आहे की नाही?

पिशव्या फुटल्यावर हा प्रश्न अपुरा ठरला. हजारो नाणी कोरी, पण सारखी एकही नाही. हजार जड नाणी एका पोत्यात टाकून तिजोरीत रचली, उचलली, हलवली, की नाणं नाण्यावर आदळतं. हे बॅगमार्क म्हणजे पोत्यातले ओरखडे झीज नव्हेत. त्यांनी नाणं चलनात फिरलेलं ठरत नाही, पण त्याचं देखणेपण नक्की कमी होतं. देवतेचा गाल मोठा, सपाट आणि उघडा असल्याने मॉर्गनमध्ये ते आधी तिथे दिसतात. म्हणून अनुभवी माणूस मॉर्गन हातात घेतला की पहिल्यांदा गाल पाहतो, मग गालासमोरची मोकळी जागा. मागच्या बाजूचं नक्षीकाम दाट आहे, त्यात खुणा लपतात. ग्रेड बहुतेक वेळा दर्शनी बाजूवरच ठरते.

दुसरी गोष्ट झळाळी. साचा जोरात आदळतो तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांसारख्या रेषा उमटतात. नाणं दिव्याखाली हळूहळू कलतं केलं, की या रेषांमुळे प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. चलनात फिरलेल्या नाण्यावर उंच भागांवर हा पट्टा तुटतो. ग्रेडिंग शिकणाऱ्याने भिंग घेण्याआधी एकच दिवा आणि नाणं कलतं करण्याची सवय लावून घ्यावी, असं मी प्रत्येकाला सांगतो. भिंग बारीकसारीक खुणा मोठ्या करून दाखवतं आणि माणूस नको तिथे अडकतो.

न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांत एक फसवा पेच असतो. तिथल्या अनेक सालांत ठसा कच्चा उठला आहे. देवतेच्या कानावरचे केस आणि गरुडाच्या छातीवरची पिसं नीट भरलेली नसतात. नवशिक्याला ती झीज वाटते. ओळखायची खूण अशी : ठसा कच्चा असेल तर त्या सपाट जागेवरही झळाळी शाबूत असते, कधी कोऱ्या चकतीचा मूळचा खरखरीतपणाही दिसतो. झीज असेल तर ती जागा मंद, करडी आणि गुळगुळीत लागते. अनसर्क्युलेटेड आणि जेमतेम फिरलेलं यांच्या भावात मोठी दरी असते, तेव्हा याच जागी सगळ्यात जास्त फसवणूक होते. १९६२ च्या आधी १९०३-ओ मध्ये ही दरी प्रचंड होती.

आणि तिसरी गोष्ट, धुतलेलं नाणं. रसायनात बुडवून काळपटपणा काढता येतो, पण प्रत्येक वेळी पृष्ठभागाचा पातळ थर जातो आणि त्याबरोबर त्या सूक्ष्म रेषाही. नाणं पांढरं दिसतं, पण पट्टा फिरत नाही. आपल्याकडे चांदीची भांडी चिंचेने किंवा राखेने घासायची सवय आहे, तीच सवय जुन्या रुपयांवर चालवली जाते तेव्हा माझा जीव तुटतो. घासलेल्या नाण्याला कुठलाही प्रामाणिक ग्रेडर पूर्ण ग्रेड देत नाही.

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७७ मध्ये शेल्डनची आकडेवारी सगळ्या अमेरिकी नाण्यांसाठी प्रमाण म्हणून स्वीकारली. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या नाणं तपासून प्लास्टिकच्या सीलबंद डबीत ग्रेडसह देऊ लागल्या. कोऱ्या नाण्यांतलं ६० ते ७० हे बारीक वर्गीकरण आज सगळ्यात जास्त वापरलं जातं ते मॉर्गन डॉलरवर, आणि यात आश्चर्य नाही. नाणी भरपूर असतील तेव्हाच त्यांच्यातली प्रत महत्त्वाची ठरते.

१९६२ च्या तडाख्यात सगळीच दुर्मीळ नाणी गेली असं मात्र झालं नाही. १८९३-एस टिकलं, आणि आजही ते मालिकेतलं सगळ्यात हवंहवंसं नाणं आहे. ते मुळातच एक लाख पाडलं गेलं होतं. तिजोऱ्या कितीही उघडल्या तरी एक लाखाच्या पलीकडे काही निघणार नव्हतं. १९०३-ओ ची छत ४४ लाख ५० हजारांवर होती. हा फरक १९६२ च्या आधीही छापील होता, कुणालाही वाचता येत होता. १८९५ च्या फिलाडेल्फिया डॉलरची गोष्ट आणखी विलक्षण : नोंदीत चलनासाठीची १२,००० नाणी आहेत, पण आजवर एकही निर्विवाद सापडलेलं नाही. फक्त संग्राहकांसाठी खास पाडलेल्या ८८० प्रूफ नाण्यांपैकीच काही आहेत. १२,००० म्हणजे बारा पिशव्या. १९०३-ओ निघाल्यावर या बारा पिशव्यांचीही आशा पुष्कळांना लागली होती. त्या निघाल्या नाहीत.

१९६३ मध्ये चांदी १.२९ डॉलर प्रति औंस झाली आणि डॉलरमधली चांदी डॉलरच्या बरोबरीला आली. मग नोटा घेऊन डॉलर मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या, आणि मार्च १९६४ मध्ये कोषागाराने डॉलर देणं बंद केलं. उरलेली सुमारे तीस लाख नाणी बहुतांश कार्सन सिटीची होती. या वेळी सरकार शहाणं झालेलं होतं. १९७२ ते १९८० या काळात ती नाणी जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याने टपालाने, डब्यांत घालून, टप्प्याटप्प्याने विकली. किती नाणी आहेत तेही जाहीर केलं. १८८४-सीसी डॉलरच्या एकूण घडणीपैकी सुमारे ८५ टक्के नाणी त्या साठ्यात होती, तरीही त्याचा भाव १९०३-ओ सारखा आपटला नाही. रिनो शहरातल्या ला व्हेअर रेडफिल्ड यांच्या घरातून चार लाखांहून जास्त डॉलर निघाले. तो साठा १९७६ मध्ये ७३ लाख डॉलरला विकला गेला, आणि घेणाऱ्यांनीही तो घाईने बाजारात ओतला नाही. साठा उघड होणं वेगळं आणि तो किती आहे हे न कळता उघड होणं वेगळं, हे या तीन उदाहरणांतून स्पष्ट दिसतं.

ग्रेडिंग कंपन्या आज कुठल्या ग्रेडची किती नाणी आपण तपासली याचा अहवाल देतात. त्याचा आधार जरूर घ्यावा, पण तो साठ्याची मोजणी समजू नये. एकच नाणं जास्त ग्रेडच्या आशेने डबी फोडून पुन्हापुन्हा पाठवलं जातं आणि दर वेळी नवं म्हणून मोजलं जातं. जे कधी पाठवलंच नाही ते मोजलं जात नाही. कंपनीचा शिक्काही अंतिम नसतो. १८९६, १९०० आणि १९०२ सालच्या न्यू ऑर्लिन्स डॉलरांत बारीक ओ अक्षराचा एक प्रकार अनेक वर्षं अस्सल म्हणून विकला गेला. २००५ मध्ये पीसीजीएसने तो त्या काळातल्याच कुणीतरी केलेला बनावट प्रकार असल्याचं जाहीर केलं.

१९०३-ओ घ्यायचं असेल तर या इतिहासाचा थेट उपयोग होतो. नाणी तिजोरीतून कोरीच बाहेर आल्याने झिजलेलं १९०३-ओ तुलनेने कमी मिळतं, आणि फिरलेल्या व कोऱ्या प्रतींच्या भावात मालिकेतल्या बहुतेक सालांपेक्षा अंतर कमी आहे. म्हणून व्हेरी फाइन प्रतीवर पैसे घालण्यापेक्षा थोडे वाढवून एमएस ६३ (एमएस म्हणजे मिंट स्टेट, कोरं नाणं) घ्यावं. डबीवरचा आकडा वाचण्याआधी दिव्याखाली पट्टा फिरतो का पाहावं, मग गाल. ६४ आणि ६५ मधला भावाचा फरक पाहता स्वच्छ गालाचं ६४ मला मळकट ६५ पेक्षा कधीही जास्त आवडतं.